सोशिकपणाचं कौतुक

सकाळी उठल्यावर मूठ वळेना, तेव्हा मी आधी थंडीला दोष दिला, मग गादीला, मग वयाला. नांदेडच्या एका शाळेत मी भूमिती शिकवते. फळ्यावर माझ्या हातून सरळ रेघ निघेना झाली तेव्हा वर्गातली पोरं हसली, आणि मीही दात दाखवले. पण घरी येऊन भिजलेला टॉवेल पिळताना डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मात्र नवऱ्यानं गाडी काढली आणि मला दवाखान्यात नेऊन बसवलं.

सांध्यांच्या डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले, माझ्या बोटांचं एकेक पेर दाबून पाहिलं आणि संधिवात असल्याचं सांगितलं. म्हातारपणी गुडघे झिजतात तो वेगळा. माझा तो रोगाशी लढणारी अंगातलीच ताकद आपल्याच सांध्यांवर उलटते तसला. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी त्यांनी लिहून दिली, गरम पाण्यात हात बुडवून बोटांची हालचाल करायला सांगितलं, आणि म्हणाले, "बाई, उशीर करू नका. आता थांबवलं तर बोटं वाचतात. एकदा वाकली की ती सरळ करणं कोणाच्या हातात नसतं."

मी गोळ्या घेतल्या, म्हणजे विकत घेतल्या. त्या पर्समध्येच राहिल्या. कारण तोवर स्टाफरूमनं माझा ताबा घेतला होता. एकीनं वांगं सोडायला लावलं, दुसरीनं हरभऱ्याची डाळ, तिसरीनं आंबट. एका सरांनी निर्गुडीचा पाला आणून दिला, आणि ज्यांना आजवर साधी डोकेदुखीची गोळी माहीत नव्हती त्यांनी मला या गोळीनं केस जातात, लिव्हर जातं, सगळं जातं असं छातीठोक सांगितलं. डॉक्टर दर महिन्याला रक्त तपासणार होते ते यासाठीच, हे मला कळत होतं. पण भीतीला कळण्याशी काही देणंघेणं नसतं. नवऱ्यानं विचारलं की मी म्हणायची, "यळवसेचा सण होऊ दे, मग सुरू करते."

खरं तर माझ्या मनात दुसरंच होतं. मला मावशीसारखं व्हायचं होतं.

मावशी औशाजवळच्या एका खेड्यात राहते. तिलाही हाच आजार, कैक वर्षांचा. तिची बोटं करंगळीच्या बाजूला कलली आहेत, वाऱ्यानं ज्वारी एका अंगाला कलते तशी. आमच्या माहेरी तिचं नाव निघालं की सगळ्यांचा आवाज बदलायचा. "तुझ्या मावशीनं कधी हूं का चूं केलं नाही," आई सांगायची. आम्हा बहिणींना जरा ताप आला आणि कण्हलो, की मावशीचा दाखला ठरलेला. मला त्याचा राग कधीच आला नाही. मी तिच्यावर जीव टाकायची. आणि आता तोच आजार माझ्या वाट्याला आल्यावर वाटलं, गोळीशिवाय कसं सोसायचं ते हिच्याकडून शिकून यावं.

लातूरकडं वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या यळवसेला, सुट्टी असते, नांदेडला नसते. मी किरकोळ रजा टाकली आणि एसटीनं निघाले. त्या दिवशी लातूर शहर संचारबंदी लागल्यासारखं असतं. दुकानं बंद, रस्ते मोकळे, आणि जो तो डबे-घागरी घेऊन कुणाच्या ना कुणाच्या शेताकडं निघालेला. ज्यांना शेत नाही त्यांना चार ठिकाणची बोलावणी असतात.

मावशीच्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभी होती, आत पाच दगड मांडून पूजा झाली होती. काका, म्हणजे मावशीचे यजमान, आल्यागेल्याला हाताला धरून बसवत होते. ते बोलके आणि मावशी मुखदुर्बळ, असा तो संसार. मी चुलीपाशी जाऊन बसले आणि तिचं काम बघत राहिले.

काय सांगू तिचं. बाजरीचे उंडे वळताना ती बोटं वापरतच नव्हती. दोन्ही तळव्यांच्या मनगटाकडच्या भागात पीठ धरून असा काही गोल फिरवायची की उंडा लिंबासारखा नेटका उतरायचा. डाळी-पालेभाज्यांची भज्जी ढवळायच्या पळीच्या दांड्याला तिनं जुन्या धोतराची पट्टी गुंडाळून तो मुठीएवढा जाड केला होता, आणि तो काखेत दाबून सगळ्या खांद्यानं ढवळत होती. ताक-ज्वारीच्या आंबिलीची घागर तिरपी करायची तर गुडघ्यानं. पेला उचलायचा तर दोन मनगटांत. सून मदतीला पुढं आली की मावशी नुसत्या नजरेनं तिला कांद्याची पात निवडायला पाठवायची. मी भूमितीची बाई. बळ कुठं लावलं की वस्तू कशी फिरते हे मी फळ्यावर शिकवते. ते इतकं देखणं होताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पानं वाढली. माझ्या पानात भज्जी पडली तशी शेजारच्या शेतातली एक पाहुणी माझी सुजलेली बोटं बघून म्हणाली, "त्यांना नका वाढू, वातूळ हाय. अन् आंबील तर नगोच, आंबट हाय." खरंच की, यळवसेच्या पानात वाटाणा, हरभरा, ताक, आंबट भात, स्टाफरूमनं मना केलेली एकूण एक वस्तू हजर होती.

मावशी म्हणाली, "खाऊ दे तिला. मी वांगं सोडलं त्याला जमाना झाला, अन् आंबील कवाच सोडली न्हाई. दोन्हीचं काय झालं ते बघा." आणि तिनं हात पुढं केले. पाहुणी आपल्या पानाकडं बघायला लागली. मी पोटभर जेवले.

जेवणं उरकली, माणसं बांधावर पांगली, आणि आम्ही दोघीच चुलीपाशी राहिलो. मी तिला माझा आजार नीट सांगितला. पर्समधल्या गोळ्यांचंही सांगितलं. मग मनात होतं ते विचारलं, "मावशी, तू कसं गं सोसलंस? आई म्हणायची, तू कधी हूं का चूं केलं नाहीस. मला तसं शिकव."

तिनं चुलीतली लाकडं पुढं-मागं केली.

"तुझ्या मायनं लई वाखाणलं मला," ती म्हणाली. "समद्यांनीच वाखाणलं. त्याच्यातच घात झाला बघ. पैल्यांदा बोटं सुजली तवा धाकटं रांगून राहिलं होतं. सासू म्हणली, बाळंतपणाचं वारं हाय, जाईल. मी हाव म्हणले. मग लोकं म्हणायला लागले, हिचं दुखतं पर कामाला मागं सरत न्हाई. ते ऐकायला ग्वाड लागायचं, बाई. अन् दवाखान्यात जायचं म्हंजे दुखतं म्हणावं लागतं. दुखतं म्हणलं की कौतुक गेलं."

मी पर्स मांडीवर ओढून घेतली.

"बोटं वाकल्यावर गेले मी लातूरला. डॉक्टर म्हणला, आधी का आली न्हाई. आता दुखणं कमी करता येईल, वाकलेलं सरळ व्हायचं न्हाई. मी म्हणले, मग कशाला. आले निघून." तिनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि माझी बोटं न्याहाळली. ती सुजलेली होती, पण सरळ होती. "ह्यांला माझ्यावानी करू नगंस. माझं बघून कोणी सोसायला शिकलं तर मला पाप लागंल. काढ ती गोळी."

मी पर्समधून पाकीट काढलं. पण गोळी दाबून बाहेर काढायला अंगठ्यात जोर नव्हता. मी दाबतेय, पाकीट निसटतंय, असं चाललं. मावशीनं ते हिसकून घेतलं, परातीच्या काठावर पालथं धरलं आणि मनगटाच्या टोकानं एक रट्टा दिला. गोळी परातीत पडली. ती पिवळी, मसुराच्या दाण्याएवढी गोळी तिनं वाकून बघितली.

"येवढ्याला भेत होतीस?" ती म्हणाली, आणि तांब्या माझ्याकडं सरकवला. मी गोळी गिळली. ती उतरेपर्यंत मावशी माझ्या गळ्याकडं बघत होती. मला लहानपणी आई असंच औषध पाजायची, आणि पाजताना मावशीचं उदाहरण द्यायची.

मला एकदम वाटलं, हिला आपण सगळ्यांनी मखरात बसवलं आणि एक साधा प्रश्न कुणी विचारलाच नाही. मी विचारला, "मावशी, तुझं कुठं कुठं दुखतं?"

तोवर काका आंबील घ्यायला आले होते. कुणी नवीन पाहुणे पोचले होते. मावशीनं वाढायला पळी काखेत घेतली, पण माझा प्रश्न ऐकून ते रिकामे पेले घेऊन तिथंच उभे राहिले. मावशीनं त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता ती हसून विषय मोडेल, आजवर मोडत आली तसा.

"सकाळच्याला ही बोटं," ती माझ्याकडं तोंड करून म्हणाली. "मनगटं तर दिसभर. पिळायला घेतलं की खांदा. चवड्यावर जोर दिला की पायाची बोटं." ती एकेक सांधा दाखवत गेली. तिच्या आवाजात कुठं तक्रार नव्हती. पेरणीला काय काय लागतं ते सांगावं तशी ती सांगत होती, आणि ते संपत नव्हतं. मी तिला जन्मभर मानत आले, पण इतकी धीराची ती मला कधी वाटली नव्हती.

"आत्ता दुखून राहिलंय का?" काकांनी विचारलं.

"हाव," मावशी म्हणाली.

काकांनी पेले खाली ठेवले. मग खाली बसून त्यांनी तिच्या काखेतली पळी काढून घेतली. उभ्या आयुष्यात त्यांनी पळी धरली नसावी. पळीतली अर्धी आंबील पेल्यात पडली, अर्धी मातीत. मावशी त्यांच्या चुका काढत राहिली, पण पळी परत मागितली नाही.