आईनंतरचा पहिला आंबा

आमचं गाव म्हणजे खाडीतला जुवा, चारी बाजूंनी पाणी असलेलं बेट. बाजाराला जायचं तरी होडी लागते. पण प्रत्येकाच्या दारात हापूस आहे, त्यामुळे उन्हाळ्यात आमच्या लोकांचा तोरा बघण्यासारखा असतो. नियम मात्र एक कडक. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसानं पहिला आंबा चाखल्याशिवाय बाकीच्यांनी तोंडाला लावायचा नाही. अब्बा गेल्यावर हा मान आईकडे आला आणि तिनं तो ठाणेदाराच्या थाटात मिरवला.

मी सौदीत जेद्दाला बंदरात कामाला लागलो, तेव्हा तिनं त्यात स्वतःचा एक पोटनियम घुसडला: माझ्या हातात घरचा आंबा दिसल्याशिवाय ती चाखणार नाही. मग दरवर्षी मक्केला उमऱ्याच्या यात्रेला येणाऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पेटी पडायची. इथे सौदीतल्याच जिझानचे आंबे ढिगानं मिळतात, चांगले असतात, पण हे आईला सांगायची सोय नव्हती. व्हिडिओ कॉलवर ती सावकाश फोड चघळायची आणि मागे नातवंडं कासावीस व्हायची.

यंदा पेटी आली तेव्हा फळं टणक होती. आई रोज एकेक आंबा कॅमेऱ्यासमोर धरायला लावायची. बोटानं दाबू नको, पेंढ्यात नीट झाक, म्हणून दटावायची. दोन दिवसांत होतील, म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी कामावर होतो. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाआधी दफन ठरलं होतं. विमान, गाडी, होडी, काहीही केलं तरी मी पोचणार नव्हतो. आईच्या कबरीवर मला मूठभर मातीही टाकता आली नाही. कंटेनरच्या आडोशाला उभा राहून मी रडलो.

खोलीचं दार उघडलं तर घमघमाट. आंबे तयार झाले होते. पेटी उचलून रस्त्यावर फेकावी, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी आईसाठी फातिहा पढून झाल्यावर भावानं व्हिडिओ कॉल केला. ताटात आंबे तसेच होते. त्यानं ताट कॅमेऱ्याकडे सरकवलं. मग म्हणाला, "भाई, आता घरात मोठा तूच. पोरं थांबलीयत."

मी पेटीतला आंबा कापला. फोड इतकी गोड होती की मला संताप आला. गिळवत नव्हती, पण पोरं बघत होती म्हणून गिळली.

तिकडे त्यांनी ताटात हात घातले. आई नाही, हे मला तेव्हा खरं वाटलं.