पुढं चालत केलेली रोवणी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. नोकरीनंही त्याला खतपाणीच घातलं. आमगावजवळच्या एका राइस मिलमध्ये मी धान तपासतो. पोत्यात वर सुका आणि खाली ओला धान, हे रोजचंच. लोखंडी परखी पोत्यात खुपसायची, पोटातला धान बाहेर काढायचा, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि आणणाऱ्याच्या तोंडाकडं न पाहता सांगायचं, ओल आहे. शेतकरी शपथा घेतात. मी पुन्हा परखी खुपसतो.

घरी आलो तरी ती परखी हातातून सुटत नाही. बायको दवनीवाड्याला माहेरी गेली, तर कोणत्या गाडीनं गेलीस, सोबत कोण होतं, यायला उशीर का झाला, सगळं विचारायचो. ती सांगायची. लग्नाला चोवीस वर्षं झाली, कधी चिडून बोलली नाही. मला वाटायचं, याला काळजी म्हणतात.

तर एका रविवारी सकाळी ती म्हणाली, ‘‘अजी, चला नं, गोंदियाले पिक्चर पाहाले जाऊ.’’

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. हिनं आजवर पिक्चरचं नाव काढलं नव्हतं. आणि पिक्चर कोणता, तर मोबाइलवर दाखवला त्याच्या पोस्टरवर अर्धा फुटलेला सूर्य आणि लोखंडी कपड्यातला एक माणूस.

‘‘असा पिक्चर कायले वं? तुले कवापासून आवडाले लागला?’’

‘‘पाहून तं पाहा,’’ ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. ते हसणंही मला पटलं नाही. पण गेलो. दुपारी बाराचा खेळ होता.

पिक्चर बाहेरदेशचा, बोलणं हिंदीत. सूर्य अर्धा विझलेला, उरलीसुरली माणसं काचेच्या एका मोठ्या घुमटाखाली राहतात. हिरो रोज सकाळी उठतो आणि त्याला कळत नाही, की जग बुडून गेलंय की बुडायचंय. एक म्हातारा येऊन त्याला सांगतो, मीच तू आहे. एक बाई इंटरव्हलच्या आधी त्याची मुलगी असते आणि नंतर त्याची आई होते. एक यंत्र आहे, ते रडतं. आमच्या मागचा एक जण दर पाच मिनिटांनी शेजाऱ्याला विचारायचा, ‘‘अरे, ये तो मर गया था ना?’’ शेजाऱ्याकडं उत्तर नव्हतं. थिएटरात कोणाकडंच नव्हतं.

मला मात्र भलतीच मजा येऊ लागली. ज्याच्यावर संशय घ्यावा तो खोटाच निघतो, असा पिक्चर मी पहिल्यांदाच पाहत होतो. म्हातारा लबाड आहे हे मी तो दारातून आत येतानाच ओळखलं. यंत्राचं रडणं तर मला एक क्षणही खरं वाटलं नाही. मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसलो होतो.

मग बायकोनं दोन्ही कानांत बोटं घातली. पडद्यावर सगळं शांत होतं. दोन श्वासांनंतर घुमट फुटला आणि थिएटरच्या भिंती हादरल्या. योगायोग असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

थोड्या वेळानं हिरो धानाच्या पऱ्ह्यांची, म्हणजे कोवळ्या रोपांची, शेवटची जुडी घेऊन घुमटाबाहेर आला. समोर गुडघाभर चिखल. तो अजून वाकलाही नव्हता, तोच बायको माझ्याकडं झुकली. ‘‘आता पाहा, पुढं चालत रोवते लेकाचा.’’

आणि तो खरोखर पुढं चालत रोवू लागला. रोवणी मागं सरकत करतात, हे आमच्याकडं शाळेत न गेलेल्या पोरीलाही कळतं. हा गडी पऱ्हा लावायचा आणि पुढच्या पावलाला स्वतःच तुडवायचा. अख्खी मानवजात वाचवायला निघालेला माणूस! थिएटरात अर्धे लोक धानाच्या बांधीत, चिखलात वाढलेले. कोणीतरी ओरडलं, ‘‘मागं सरक बे!’’ आणि सगळे पोट धरून हसले. बायको डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. हसता हसता माझ्याकडं पाहिलं. मी हसलो नाही.

कारण मला कळलं होतं, की हिनं हा पिक्चर आधी पाहिला आहे.

कधी? सोमवारी. सोमवारी ती गोंदियाजवळच्या नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला गेली होती आणि संध्याकाळच्या गाडीनं परतली. उशीर का, विचारलं तर म्हणाली, रांग होती. आणि शेजारच्या खुर्चीवर कोण होतं? पुढं जग वाचलं की बुडालं, मला ठाऊक नाही. माझा संसार हातचा गेला, एवढंच डोक्यात होतं. मी फार घाबरलो होतो.

स्टेशनवर बाकावर बसलो तेव्हा मला धीर धरवला नाही.

‘‘तू हा पिक्चर आधी पाहिला.’’

‘‘हो. सोमवारी. नागऱ्याहून येताना.’’

‘‘कोनासंग?’’

‘‘एकटीनं.’’ तिनं पिशवी मांडीवर घेतली. ‘‘दर्शन लवकर झालं, गाडीले टाइम होता. थिएटर दिसलं. म्हटलं, कवा एकटी कुठं बसली नाई, बसून पाहू. समजलं काईच नाई. पन त्या रोवनीले लय हासली मी. हासून बाजूले पाहिलं तं सांगाले कोनी नाई. तवाच ठरवलं, तुमाले आनीन. तुमी हासान असं वाटलं.’’

मला लाज वाटली. तरी तोंडातून निघालं, ‘‘मंग मले खरं काऊन नाई सांगितलं?’’

‘‘एकटी गेली म्हटलं असतं, तं मानलं असतं तुमी?’’

मानलं असतं, असं मी म्हणालो. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. गाडी आली.

गाडीत मात्र ती पुन्हा खुलली. म्हातारा खरा की खोटा, यावरून आम्ही चांगलेच भांडलो. ती म्हणे, खरा. म्हातारपणी माणूस तसाच होते. मी म्हणालो, डोळे पाहिले नाहीस त्याचे. समोरच्या बाईनं डबा उघडता उघडता आम्हाला विचारलं, कोणाच्या घरची गोष्ट आहे ही? आम्ही दोघंही हसलो. इतकं आम्ही कितीतरी वर्षांत बोललो नव्हतो, आणि मला वाटलं, संकट टळलं.

गुदमा स्टेशन गेलं. ती यंत्राबद्दल काहीतरी सांगत होती. मी मध्येच म्हणालो, ‘‘बाजूच्या खुर्चीवर खरंच कोनी नव्हतं?’’

ती थांबली. ‘‘कोनी नव्हतं,’’ ती म्हणाली. आवाज शांत होता, रोजचाच. ‘‘विचारा. अजून काय विचाराचं आहे?’’

माझ्याकडं आणखी तीन प्रश्न होते. ते मी विचारले. तिनं तिन्हींची उत्तरं दिली. आमगाव आलं तेव्हा ती पिक्चरबद्दल बोलायची थांबली होती, आणि त्यानंतर तिनं मला कुठंही ‘चला नं’ म्हटलेलं नाही.