तिच्या चेहऱ्याखालची ओळ

राजारामपुरीत चष्मा दुरुस्त करून घ्यायला बसले होते, तेव्हा मिलिंदचा फोन आला. "ताई, विशाखा गेली..." माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ तो. मूत्रपिंडाच्या आजारानं ती खंगत चालली होती, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी दुकानदारानं हातात दिलेला चष्मा मी कितीतरी वेळ तसाच धरून बसले. याला आता काही आठवडे झाले. शोकसभेत सगळे म्हणाले, फार शांत स्वभावाची होती. मी ऐकून घेतलं. शांत ती कधीच नव्हती. तिला गप्प करण्यात आलं होतं.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही दोघी समाजकार्याच्या वर्गात होतो आणि पहिला नंबर तिचा ठरलेला असे. उन्हाळ्यात एका आंतरराष्ट्रीय विकाससंस्थेच्या कोल्हापुरातल्या कार्यालयात आम्हाला इंटर्नशिप मिळाली. तिचे वडील एसटीत कंट्रोलर. त्यांनी स्टँडवरच्या प्रत्येक ड्रायव्हर-कंडक्टरला सांगितलं, "पोरगी माझी फॉरेनच्या हापिसात हाय आता." पहिल्याच दिवशी प्रकल्प अधिकाऱ्यांनी आमची आडनावं विचारली, राहायला कुठं ते विचारलं. मग मला संगणकावर बसवलं आणि तिला हुपरीला, चांदीकाम करणाऱ्या बायकांकडं धाडलं. "तू त्या बायकांत लवकर मिसळशील," ते तिला म्हणाले. का, ते आम्हा दोघींनाही कळलं.

ती खरोखरच मिसळली. हुपरीत घरोघर चांदीचे पैंजण घडतात. तिथल्या अक्काताईंच्या घरी ती दिवसदिवस बसे, त्यांच्यासोबत पैंजणांचे सांधे जोडे, चांदी उजळायच्या तेजाबाच्या वाफेनं खोकत परत येई आणि संध्याकाळी कार्यालयातून घरी जाताना बसमध्ये मला सगळं सांगत राही. एकदा दिल्लीहून फोटोग्राफर आला, फोटो काढून गेला. आम्ही विसरूनही गेलो.

उन्हाळा संपताना एका हॉटेलात कार्यक्रम झाला. परदेशी पाहुणे आले, हुपरीच्या बायकांना पुढच्या रांगेत बसवलं, आणि पाहुण्यांचं भाषण मराठीत सांगायला विशाखा माइकपाशी उभी राहिली. प्रत्येक खुर्चीवर गुळगुळीत कागदाची पुस्तिका होती. मुखपृष्ठावर विशाखा. अक्काताईंच्या घरात मांडी घालून बसलेली, हातात पैंजण, तोंडभर हसू. खाली इंग्रजीत ओळ : गेल्या वर्षापर्यंत हिच्या हातात कधी लेखणी आली नव्हती.

भाषण तिनं शेवटपर्यंत नीट सांगितलं. मग पुस्तिका उचलली आणि त्याच आवाजात ती ओळही मराठीत सांगितली. पुढच्या रांगेतून अक्काताईंनी विचारलं, "म्हंजे पोरी, तुला लिवाय येत न्हाय व्हय?" बायका हसल्या. पाहुण्यांना काही कळलं नाही, पण तेही हसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर अधिकाऱ्यांनी तिला बाजूला घेतलं. "इतकं मनाला लावून घेऊ नकोस. फोटो तुझा असला, तरी गोष्ट कुणाची ना कुणाची खरीच आहे ना?"

"मग तिचं नाव सांगा, सर."

पुस्तिका परदेशी रवाना झाल्या आहेत, आता इलाज नाही, एवढंच ते म्हणाले. पुढं ती ज्या ज्या संस्थेत नोकरीसाठी गेली, तिथून आधी या कार्यालयात फोन जाई, आणि 'जरा अवघड मुलगी आहे' हे तिच्या आधी पोचलेलं असे. अखेर शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी लिहायला ती चिकटली आणि तिथंच राहिली. स्टँडवर कुणी विचारलं, "काय म्हणती फॉरेनची पोरगी?" तर वडील "बरी हाय" म्हणत आणि गाड्यांच्या पाटीकडं बघत राहत. संस्थेनं दोन-चार वर्षांत गाशा गुंडाळला. त्या अधिकाऱ्यांची बढती झाली, असं ऐकलं...

मागच्या आठवड्यात मी हुपरीला गेले. अक्काताईंना कुणीच कळवलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातलं काम थांबलं.

"सुट्टी असली की यायची," त्या म्हणाल्या. "बाकीची समदी फोटू काढून गेली. माघारी आली ती ही एकलीच."

त्या उठल्या, मागची खिडकी ढकलून उघडली. "आली की पयलं ही उघडायची. वाफ कोंडती म्हणायची. आमी थंडीत लावून घ्यायचो, तर भांडायची."

आता भांडायला कोणी नव्हतं. अक्काताई पुन्हा पैंजणापाशी बसल्या. मी निघेपर्यंत त्यांनी खिडकी लावली नाही.