जेवणाच्या टेबलासमोरचा समुद्र

माझ्या दातांच्या डॉक्टरकडे वेटिंग रूममध्ये एक समुद्र आहे, बँकेत एक आहे, आणि अमेरिकेतल्या आमच्या एडिसनच्या घरात जेवणाच्या टेबलासमोर एक होता. तिन्ही एकाच कारखान्यातून निघाल्यासारखे. निळं पाणी, पांढरं कुंपण, वाळूत दोन रिकाम्या खुर्च्या, लांब एक दीपगृह. माणूस नाही, होडी नाही, जाळं नाही, साधं कुत्रंसुद्धा नाही. मला घर आवरलेलं लागतं, त्यामुळे असं चित्र मला आवडायला हवं. पण त्याच्याकडे पाहिलं की वैतागच येतो. पाहुणे येणार म्हणून कोणीतरी समुद्र झाडून-पुसून ठेवलाय असं वाटतं. आमच्याकडचं मी का आणलं, तर घर नवीन होतं, भिंत रिकामी होती आणि चित्राचं माप बसलं.

मला हवा होता तो बाबांचा समुद्र. बाबा कोकणात आमच्या गावच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. तीस वर्षं त्यांनी मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवलं. गावात कोणाचं लग्न असो की वास्तुशांत, आमच्या घरचा आहेर ठरलेला: फ्रेम केलेला समुद्र. त्याचीही त्यांची पद्धत होती. आधी त्या घरी चहाला जायचं, भिंतीवर काय टांगलंय ते बघायचं, आणि घरच्यांना आवडेल तसं काढायचं. देवांची कॅलेंडरं असली तर शांत सकाळ, सिनेमातल्या नट्या असल्या तर नारळाचं झाड आणि लालभडक सूर्यास्त. अशाने गावभर समुद्र झाले आणि आमच्या घरी एकही उरला नाही. मी अमेरिकेला निघाले तेव्हा एक होता. दोन बॅगांची माझी यादी पूर्ण झाली होती, काच फुटेल म्हणून मी म्हटलं, पुढच्या खेपेला नेते. पुढच्या खेपेपर्यंत तो शेजारच्या मुलीच्या लग्नात गेला होता.

म्हणून २००४ साली बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले तेव्हा फ्रिजवर लावलेल्या यादीत मी डोळ्यांचा डॉक्टर, नायगारा आणि थंडीचं जाकीट यांच्याखाली लिहिलं, 'चित्र'. बाबांचं वय पाहता ते परत येतील याची खात्री नव्हती. या खेपेला एक चित्र माझ्याकडे राहायलाच हवं होतं. जाड कागद, जलरंग, तीन नंबरपासून बारा नंबरपर्यंतचे ब्रश, सगळं ते यायच्या आधीच आणून ठेवलं.

मे गेला, जून गेला. कागद पाकिटातच. "आज उजेड सपाट आहे," बाबा म्हणायचे. नाहीतर मान धरलेली असायची. जुलैत एका शनिवारी मी त्यांना समुद्रावर नेलं. स्केचबुक, पेन्सिली, घडीचं स्टूल, सगळं बरोबर. वाळूत पाय ठेवण्याआधी खिडकीवर पास काढावा लागतो हे पाहून बाबा जागीच थांबले.

"समुद्राला तिकीट?"

"इथे असंच असतं बाबा."

"मग खेळ किती वाजता सुरू होतो?"

नवरा हसला. मी नाही हसले. बाबांनी तासभर लोकांच्या छत्र्या मोजल्या, भाजलेलं कणीस खाल्लं आणि ऊन लागतंय म्हणाले. स्केचबुक कोरंच परत आलं.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी ऑफिसमधून आले तर सिंकमध्ये एक जुना कप होता आणि त्यात निळसर पाणी. मी कोणाला काही बोलले नाही, बाबांना तर नाहीच. विचारलं तर थांबतील अशी भीती होती. आम्ही सगळे बाहेर गेलो की ते काढत असणार. पुढचे दोन महिने मी रोज तो कप निमूटपणे विसळला, एक चांगली फ्रेम आणली आणि जिन्याजवळची भिंत मोकळी केली.

त्यांच्या विमानाच्या आदल्या दिवशी जेवण झाल्यावर बाबांनी चित्र आणून टेबलावर ठेवलं. निळं पाणी, पांढरं कुंपण, दोन खुर्च्या, दीपगृह.

"मूळ चित्रात खुर्चीची सावली चुकली होती," बाबा म्हणाले. "ती मी सुधारली."

"वॉव आजोबा! इट्स एक्झॅक्टली द सेम!" मुलगी ओरडली. बाबा खूश.

मला मात्र आवाज ताब्यात ठेवता आला नाही. "हे का काढलंत?"

"का म्हणजे? रोज जेवताना समोर असतं. आवडतं म्हणूनच लावलंयस ना?"

"मला नाही आवडत ते!"

"मग लावलंस कशाला?"

"मला आपला समुद्र हवा होता बाबा. धक्क्यावरचा. सहा महिने वाट बघतेय मी."

"मग बोलायचं! सहा महिने फ्रिजवर नुसतं 'चित्र'. कशाचं? विषय दिल्याशिवाय परीक्षेत पोरं तरी काय काढतील?"

बोलणं खरं होतं, त्यामुळे मी आणखीच चिडले. पण बाबांनी खुर्ची पुढे ओढली, नवा कागद घेतला आणि पेन्सिलने एक सरळ, आडवी रेघ मारली. क्षितिज.

"हं, सांग. किल्ला कुठे?"

"डावीकडे."

"छे. उजवीकडे."

"डावीकडे बाबा. मी रोज बघायचे."

"तू शाळेच्या व्हरांड्यातून बघायचीस. आपण धक्क्यावर उभे आहोत." त्यांनी उजवीकडे किल्ल्याची तटबंदी काढली, बघत राहिले, खोडली. डावीकडे काढली. तीही खोडली. "होड्या किती असायच्या?"

"सहा. नाही, आठ. बर्फाच्या कारखान्यापर्यंत."

"बर्फाचा कारखाना दिसतो का तिथून?"

मला सांगता येईना. खोडून खोडून कागदाला लव आली. मुलगी कंटाळून वर निघून गेली. शेवटी बाबांनी पेन्सिल ठेवली.

"नाही येत," ते म्हणाले. "तीस वर्षं पोरांना स्मरणचित्र शिकवलं. तुझी आई गेल्यापासून मी धक्क्यावर गेलोच नाही गं. बाजारातूनच परत फिरतो."

त्याला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत मी दर रविवारी फोन करत होते. रक्तदाबाची गोळी घेतली का, गॅसचा नंबर लावला का, बाई वेळेवर येते का, एकेक प्रश्न विचारून त्यावर खूण करत होते. रोज संध्याकाळी आईबरोबर समुद्रावर जाणारा माणूस आता कुठे जातो, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. राग कोणावर काढायचा तेच कळेना, म्हणून मी बॅगेचं वजन करायला घेतलं.

बाबा गेले. त्यांनी केलेली नक्कल मी त्या विकतच्या चित्राच्या जागी लावली, कारण ती निदान त्यांच्या हातची आहे. खोडाखोडीचा कागद कपाटात ठेवला. मग डिसेंबरात एका रविवारी फोनवर गोळ्यांचं विचारण्याआधी मी विचारलं, "बाबा, धक्क्यावर गेला होतात का?"

"गेलो होतो. काल. किल्ला डावीकडेच आहे. तुझं बरोबर होतं."

"मग काढलंत?"

"नाही गं. उभा राहिलो थोडा वेळ. मासेवाली सावंतीण भेटली, बांगडे घेतले, आलो."

"बाबा, काढा ना आता! आता तर दिसलंय सगळं."

"आता कशाला काढायचं? समोर तर आहे. आज पण जाणार आहे."

"तुमच्या समोर आहे," मी म्हटलं. "माझ्या नाही."

तिकडून पेन्सिलींचा डबा उघडल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, उन्हं उतरली, आत्ता निघालो नाही तर अंधार होईल, आणि त्यांनी फोन ठेवला.