मोतीची पाठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय—मलाच कळत नाही.

मी हाडं बसवायचो. अंधेरीला, मरोळच्या गावठाणाला लागून आमची खोली. वडिलांचीच विद्या. लचकलेला पाय, निखळलेला खांदा, धरलेली मान. मान वळवली की 'कट्' वाजायचं आणि माणूस हसत उठायचा. त्या आवाजाची मला चटक लागली होती. वडील बजावायचे, पाठीच्या कण्याला झटका द्यायचा नाही. तिथे तेल आणि शेक, बस्स. ऐकलं नव्हतं असं कसं म्हणू?

शेजारी रेमेदमावशी राहायच्या. गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या, विधवा. घरात त्या, मुलगा पीटर आणि मोती कुत्रा. पीटर कारखान्यात कामाला, माझा दोस्त. प्यायचा.

लढाईच्या, ब्लॅकआउटच्या वर्षातली गोष्ट. एका सकाळी मोती पाठ कमानीसारखी करून चालायला लागला. पायरी चढेना. मावशी त्याला घेऊन आल्या.

"सदा, माणसांची बसवतोस ना? मग याचं पण बघ ना रे."

नाही म्हणता आलं असतं. कुत्र्याच्या पाठीतलं मला काय कळत होतं? पण दारात शेजारीपाजारी जमले होते—आणि मला तो आवाज ऐकवायचा होता. एक हात मानेखाली, एक कमरेवर. पिळलं.

आवाज आला. मोती एकदाच किंचाळला. मागचे पाय लोळागोळा झाले.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मावशी, हे आधीच मोडलेलं होतं. कुणीतरी लाथ घातलीय याला."

कुणीतरी! घरात माणसं दोनच. नाव मी घेतलं नाही—या एका गोष्टीच्या आडोशाला मी किती वर्षं बसलो!

मोती अंग फरफटत राहिला. जखमा झाल्या, त्यात किडे पडले. आठवडाभरात गेला. मावशींनी पीटरशी बोलणं टाकलं. त्याचं ताट वाढणंही बंद.

मग एका दुपारी पीटर माझ्याकडे आला. शुद्धीत होता. उंबऱ्यातच बसला.

"सदा, मोती वाकला त्याच्या आदल्या रात्री मी फुल टाइट होतो. मला काय आठवत नाय रे. खरंच आधीच मोडलेलं होतं?"

खोलीत आम्ही दोघंच. आता बघायला कुणी नव्हतं, लाजायचं कुणापुढे नव्हतं. नुसती मान हलवायची होती—नाही म्हणून.

"हो," मी म्हणालो. वर त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तो मनोरीला मामाकडे गेला, होडीवर लागला. दारू सोडली म्हणे. मग बरंच झालं की—असंही मी मनाशी म्हणून पाहिलं. पण मावशींनी त्याला परत बोलावलं नाही. त्या गेल्या, तेव्हाच आला. कबरीपाशी सगळ्यांसमोर गुडघे टेकून रडला. "मम्मी, मोतीला मी मारलं. माफ कर गं."

मी त्याच्या शेजारीच उभा होतो. त्याला दंडाला धरून उठवलं. डोळे पूस म्हणालो. दुसऱ्या दिवशी एकाचा खांदा बसवला.

आता पीटरही नाही. ती लाथ आपलीच, असं मानूनच तो गेला.