बनियन खोटं बोलत नाही

सराव संपला की पंचापकेशराव मास्तर आधी स्वतःचा बनियन काढून पिळायचे. दोन्ही मुठींत धरून, धोब्यानं बघत राहावं असा पीळ घालून. घामाची धार लाल मातीत पडली की आम्हां मुलांकडे वळून म्हणायचे, "आतां तुम्ही." आम्ही उघडे रांगेत उभे राहायचो आणि ते एकेकाचा बनियन हातात घेऊन पिळायचे. ज्याच्या बनियनमधून धार पडेल तो उद्याच्या सामन्यात पूर्ण वेळ खेळणार. ज्याच्यातून थेंब पडतील तो अर्धा वेळ. ज्याचा कोरडा, त्यानं कडुलिंबाखालच्या दगडावर बसायचं, शेवटची पाच मिनिटं मिळाली तर मिळाली. चेंडू जाळीत कुणी किती वेळा टाकला याची त्यांना फारशी फिकीर नसायची.

ही पन्नास सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. मास्तर तंजावरच्या आमच्या शाळेत ड्रिल मास्तर होते. मद्रासला शिकायला गेले असताना त्यांनी बास्केटबॉल पाहिला आणि परत आल्यावर शाळेमागच्या पडीक जागेत ताडाचे दोन ओंडके रोवले. त्यावर सागवानी फळ्या ठोकल्या आणि बैलगाडीच्या चाकाला धाव बसवणाऱ्या लोहाराकडून लोखंडी कडी करून घेतली. कडी किंचित लंबगोल झाली होती. त्यामुळे बाहेरगावचे संघ आले की त्यांचे चेंडू हुकायचे आणि आमचे जायचे. मास्तर म्हणायचे, सवय हीसुद्धा मेहनतच.

शाळेत ते सगळ्यांशी तमिळमध्ये बोलत. मी त्यांच्यासारखाच मराठी घरातला, म्हणून माझ्याशी आमची घरची मराठी. ती मराठी ऐकून पुण्याहून आलेला एक पाहुणा पोट धरून हसला होता, तेव्हा मास्तरांनी त्याला दोनशे वर्षं परमुलखात राहून मग बोलून दाखवायला सांगितलं. त्यांचं आवडतं वाक्य मात्र ते दोन्ही भाषांत सारख्याच ठसक्यात म्हणायचे: "तोंड खोटं बोलेल, बनियन खोटं बोलत नाही."

आणि ते नुसतं बोलणं नव्हतं. एका बड्या मिरासदाराचा मुलगा संघात होता. पायात कॅन्व्हासचे बूट घालणारा तो एकटाच, आम्ही बाकीचे अनवाणी. त्याचा बनियन नेहमी इस्त्रीचा आणि नेहमी कोरडा. शाळेच्या वार्षिकोत्सवाच्या सामन्याला त्याचे वडील पहिल्या रांगेत येऊन बसले, आणि चिरंजीव कडुलिंबाखाली. मुख्याध्यापकांनी दोनदा निरोप पाठवला. मास्तरांनी दोन्ही वेळा उत्तर पाठवलं की मुलगा घामेजला की खेळेल. त्यानंतर महिनाभर शाळेच्या बागेला पाणी घालायचं काम ड्रिल मास्तरांकडे आलं. त्यांनी ते मजेत केलं आणि त्या महिन्यात आम्ही त्यांच्यावर जीव टाकायला लागलो. गरिबाच्या पोरांना कुणीतरी आपल्या बाजूनं नियम केलाय असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं.

आमच्यात रत्नम नावाचा मुलगा होता. मूळ पापनाशमचा, शिकायला तंजावरलगतच्या करंदैला मामाकडे राहिलेला. आई गावी भात उकडायच्या गिरणीत कामाला. काळा, काटकुळा, पण चेंडू हातात आला की तो कुठे जाणार हे चेंडूलाही आधी कळत असावं. पळायचा तर सगळ्यांच्या दुप्पट. पण त्याला घाम येत नसे. काखेत दोन ओले डाग, बस. अंग तव्यासारखं तापायचं, डोळे लाल व्हायचे, सराव संपला की विहिरीवर जाऊन डोक्यावर पाणी ओतत बसायचा. काही जणांची अंगंच तशी असतात, हे मला पुढे रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मास्तर त्याचा बनियन पिळायचे, काही पडायचं नाही, आणि ते शांतपणे म्हणायचे की अजून थोडे कष्ट कर. रत्नम मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन मैदानाला जास्तीच्या फेऱ्या मारायचा. एकदा भोवळ येऊन पडलासुद्धा. मास्तरांनी त्याला स्वतःच्या घरी नेऊन दहीभात खायला घातला, पण दुसऱ्या दिवशी दगडावरच बसवलं.

आम्ही एस.एस.एल.सी.ला, शाळेच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा त्रिचीच्या रेल्वे कारखान्यातले एक अधिकारी आमचा सामना बघायला येणार असं कळलं. त्यांच्या संघाला पोरं हवी होती, आणि संघात घेतलं की कारखान्यात नोकरी. चौघांच्या जागा ठरल्यासारख्या होत्या. पाचवी जागा रत्नमची किंवा माझी. रत्नमला आईला गिरणीतून सोडवायचं होतं. माझे वडील लहानपणीच गेले होते आणि परीक्षा झाली की मला कुंभकोणच्या भांड्यांच्या दुकानात चिकटवायचं माझ्या मामांनी ठरवलं होतं. मला दुकानात जायचं नव्हतं. यापेक्षा मोठं कारण माझ्यापाशी नव्हतं, आणि आज शोधूनही सापडत नाही.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मैदानावर पाणी शिंपडायची पाळी माझी होती. सराव संपत आला तेव्हा घागर ठेवायच्या निमित्तानं मी विहिरीवर गेलो आणि एक तांब्या छातीवर, एक पाठीवर ओतला. मग धावत येऊन रांगेत उभा राहिलो, धापा टाकत. धापा तरी खऱ्या होत्या. माझ्या शेजारी रत्नम. त्या दिवशी तो इतका पळाला होता की त्याचे ओठ पांढरे पडले होते. मास्तरांनी त्याचा बनियन पिळला. काही पडलं नाही. मग माझा घेतला. तो क्षणभर नुसताच हातात धरून उभे राहिले, मग पिळला. धार लागली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सामन्यात मी पूर्ण वेळ खेळलो आणि एकही चेंडू जाळीत टाकला नाही, पण धावलो खूप. अधिकाऱ्यांना धावणारी पोरं आवडली. त्यांनी माझं नाव लिहून घेतलं आणि त्रिचीची गाडी धरायला उठून गेले. ते फाटकाबाहेर पडल्यावर मास्तरांनी रत्नमला आत सोडलं. शेवटच्या तीन मिनिटांत त्यानं पाच वेळा चेंडू जाळीत घातला. पाहायला आम्हीच होतो.

मला नोकरी लागली. रत्नम पापनाशमला परत गेला आणि आईच्याच गिरणीत पोती उचलायला लागला. तीन-चार वर्षांनी तो मला पापनाशमच्या फलाटावर भेटला, खांद्यावर टॉवेल, पायाला भाताचा कोंडा लागलेला. माझी गाडी सुटेपर्यंत आम्ही बोललो. त्याच्या मनात कुणाबद्दल तक्रार नव्हती. मास्तर म्हणत होते ते बरोबरच होतं, आपणच थोडे कमी पडलो, असं तो म्हणाला. गिरणीतल्या पोरांनाही हेच सांगतो, म्हणाला. मी त्याला केळी घेऊन दिली. दुसरं काय देणार होतो?

मास्तर निवृत्त झाल्यावर, साठ साल उलटून बरेच दिवस झाले होते, मी एकदा मन घट्ट करून त्यांच्या पश्चिम राजवीथीतल्या घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते. दम्यानं वाळले होते. कॉफी आली, ती निवली. मग मी सांगितलं की त्या दिवशीचा घाम माझा नव्हता, विहिरीचा होता.

"मला ठावें आहे," मास्तर म्हणाले. "घाम ऊन असतो रे. ते पाणी गार होतं."

मला वाटलं होतं की ते रागावतील, कदाचित रडतील. याची तयारी मी केली नव्हती. मग मला का घेतलंत, असं मी विचारलं.

"सगळी पोरं बघत होती. बनियन खोटं बोलला असं मीच म्हटलं असतं, तर उद्यांपासून कोण पळालं असतं? माझा नेम गेला असता."

"आणि रत्नम?"

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "तो पळत होता. मला रोज दिसत होतं की."

मला त्यांचा इतका संताप आला की ओसरीवरून उठून जावंसं वाटलं. मिरासदाराच्या पोराला हटकणारा हा माणूस, मुख्याध्यापकांना न भिणारा, आपल्याच नियमाला एवढा भ्यायला. दिसत होतं तर पिळून कशाला बघायचं? पण हे विचारायला माझं तोंड कुठलं? त्यांनी नेम सांभाळला आणि मी नोकरी. दोघांनी मिळून एका पोराचं आयुष्य पोत्याखाली घातलं होतं. मी बसून राहिलो आणि गार कॉफी प्यायलो.

निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. हातात जोर राहिला नव्हता. "हें रत्नमला सांगूं नको. आपण कमी पडलों असं त्याला वाटतं, तर तेंच वाटूं दे. खरं कळलं तर तो कशावर जगेल?" हे रत्नमसाठी म्हणाले की स्वतःसाठी, ते मला कळलं नाही. बहुधा त्यांनाही कळलं नसावं.

वर्षभरात मास्तर गेले. रत्नम पहिल्या गाडीनं पापनाशमहून आला, चांगला हातभर लांब मोगऱ्याचा हार घेऊन. त्याच्याएवढं तिथे कुणी रडलं नाही. स्मशानातून परतताना तो माझ्या शेजारून चालत होता. त्यानं विचारलं, "तू तर तेव्हा तिथेच होतास. खरं सांग, मी अजून थोडा पळालो असतो, तर सरांनी मला घेतलं असतं, नाही का?"

मी म्हणालो, "घेतलं असतं."

मास्तरांनी मला आयुष्यात जे जे करायला सांगितलं, त्यातलं हे एवढं एकच मला काहीही कष्ट न करता जमलं.