चार एकर आणि चार म्हाताऱ्या

निवृत्तीनंतर शेती करायची, ही अक्कल माझी स्वतःची. कोणी भरीस घातलं नव्हतं. उभा जन्म कारकुनीत घालवून वर्ध्याजवळ सिंदी मेघेत घर बांधलेल्या माणसाला वाटतं, फाईल सरकते तशी माणसंही सरकतात. समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावात वडिलांचं चार एकर वावर होतं. त्यात कापूस लावला. तो फुटला, वावर पांढरं झालं, आणि मग माझ्या ध्यानात आलं की वेचायला गावात माणूसच नाही. पोरं बुटीबोरीला नाहीतर पुण्याला, सुना त्यांच्यामागे. गावात तरुण म्हणून कोणी उरला नाही, असं मी पारावर तावातावानं बोलत होतो. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, “सुरुवात तं तुह्यापासूनच झाली ना बाबू.”

मग कारंज्याला गेलो. मध्य प्रदेशातून वेचणाऱ्यांच्या टोळ्या घेऊन ट्रक येतात, ते ढाब्यावर थांबतात, असं ऐकलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून मी दोन दिवस तिथे उभा. एका टोळीच्या मुकादमानं विचारलं, किती एकर? मी अभिमानानं चार म्हणालो. चार एकरांत आमच्या बायांची कंबरही वाकणार नाही, असं हिंदीत सांगून तो चहा पिऊन निघून गेला.

राहता राहिल्या गावातल्या चार म्हाताऱ्या. वावरात दहीभाताचा नैवेद्य ठेवून त्यांनी वेचणी सुरू केली. त्यांतली सगळ्यात मोठी मावशी माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्याकडे वेचायची. तिचा कापूस पाहिला तर निम्मा काडीकचरा. मी मालकी दाखवली. म्हणालो, “मावशी, कापूस वेचून राह्यली का पालापाचोळा?”

“दिसते कोणाले, भाऊ? हाताले लागलं ते ओटीत.”

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, डाव्यात सुरू झाला होता. परवा वर्ध्याहून मोतीबिंदूच्या शिबिराची गाडी येणार होती आणि तिचं नाव लागलं होतं. लेक पुण्याला, म्हणून सोबतीला दुसरी म्हातारी जाणार होती. म्हणजे चौघींतल्या दोन गेल्या. वर आभाळ भरून आलेलं.

मी बोलण्यात पटाईत. कचेरीत भल्याभल्यांना ‘उद्या या’ म्हणून वाटेला लावलेलं. म्हणालो, “शिबिर काय, पुढच्या महिन्यात बी येते. कापूस भिजला तं काय करू?”

ती थोडा वेळ बोंडं चाचपत राहिली. “बरं. मोतीबिंदू कुठं पयून चालला.”

पाऊस आलाच नाही. कापूस कोरडा घरी आला आणि मी मुलाला फोटो पाठवले.

पंधरा दिवसांनी तिचा डोळा लाल झाला, ठणकायला लागला. चार दिवस तिनं अंगावर काढलं. मला कळलं तेव्हा गाडीत घालून वर्ध्याला नेलं. डॉक्टरनं तपासून सांगितलं, मोतीबिंदू फार पिकला, डोळ्यात दाब वाढला, नस गेली. आता उजव्यानं दिसणार नाही. शिबिरात नाव होतं तर आल्या का नाही, असं त्यानं विचारलं. “काम होतं,” एवढंच ती म्हणाली. कोणाचं, ते सांगितलं नाही. मी भिंतीवरच्या तक्त्यावरची मोठी अक्षरं वाचत उभा होतो. एकही लागत नव्हतं.

डाव्या डोळ्यासाठी पुढचा बुधवार मिळाला.

परत येताना ती मागच्या सीटवर पट्टी सावरत बसली होती. जामचा चौक गेल्यावर म्हणाली, “दुसरी वेचणी आली असन ना? बुधवारचं मंग पुढं पाहू. तुमाले दुसरं कोण हाये?”

वावर तर फुटलेलंच होतं. दुसरं कोणीही नव्हतं.

मी नाही म्हणालो. बुधवारी गाडी घेऊन येतो, कापसाचं काय व्हायचं ते होईल, असंही म्हणालो. पण लगेच नाही. गावाकडची गिरडची टेकडी दिसायला लागेपर्यंत मी गप्प होतो, आणि तीही उत्तराची वाट पाहत गप्प होती.